शटरवरचा ह

"तू पुसलंस का, एवढंच सांग."

"पुसलं. मग? बघत बसायचं होतं?"

बाबांच्या हातातला पाना खाली पडला. पडला कसला, टाकला. ते ओरडत नाहीत, वस्तू टाकतात.

आमचं पंक्चरचं दुकान हायवेला चिकटून आहे. आठ लेन. पलीकडे मावशी राहते. ती गच्चीवर कपडे वाळत घालताना इथून दिसते, पण तिच्याकडे जायला पुलावरून वीस मिनिटं लागतात. आता ट्रक गावाबाहेरून जाणार आणि इथे चारच लेन ठेवून झाडं, बाकडी, सायकलींचा रस्ता होणार. लोकांनी आरामात फिरायचं म्हणे. आम्ही माशा मारायच्या.

परवा मापं घेणारे आले आणि शटरांवर लाल रंगाने एकेक अक्षर काढून गेले. शेजारच्या न्हाव्याच्या शटरवर 'झ'. तो म्हणाला, "झाडून टाकणार रे आपल्याला." आमच्यावर 'ह'. ह म्हणजे हटवा, दुसरं काय असणार? माझं डोकं फिरलं. काल दुपारी बाबा जेवायला गेले होते. पेट्रोलमध्ये फडका बुडवला आणि असा घासला की शटरचा निळा रंगसुद्धा निघाला.

आज दुपारी नव्या रस्त्याचा नकाशा करणाऱ्या बाई आल्या. "इथला ह कुठे गेला?"

"गेला," मी म्हणालो.

"अरे, हवेचा होता तो."

"काय?"

"सायकलवाल्यांनी हवा कुठे भरायची? झ म्हणजे झाड, ब म्हणजे बाकडं, ह म्हणजे हवा. अक्षर असलेलं दुकान राहतं. तुमचं सकाळच्या फोटोत कोरं आलंय. कोरं म्हणजे मोकळी जागा."

न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला. "म्हणजे माझ्या दारात झाड? हे आधी नाही का सांगायचं, बाई? दोन दिवस जेवण गेलं नाही." आत त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने वाट बघत होतं.

बाई म्हणाल्या, आज पाच वाजता नकाशा बंद होतो, मग बदल नाही. ज्याने पुसलं त्यानेच ऑफिसात येऊन लिहून द्यायचं, काय होतं आणि का पुसलं ते. एवढं सांगून त्या पुढच्या शटरकडे गेल्या. तेव्हाच बाबांनी मला विचारलं.

"तुम्ही द्या ना लिहून," मी म्हणालो.

"मी पुसलं नाही."

"तुम्हालाही हटवाच वाटलं होतं. परवापासून कॉम्प्रेसरला गिऱ्हाईक कोण शोधतंय?"

बाबांनी पाना उचलला, पुसला, परत खाली ठेवला. या वेळी हळू.

"मी साहेबासमोर काय लिहू? आठवीत शाळा सोडली तेव्हासुद्धा काही लिहून दिलं नव्हतं," मी म्हणालो.

"खरं ते लिही. डोकं फिरलं म्हणून पुसलं."

"हसतील."

"हसू देत. दुकान राहील." मग म्हणाले, "आणि ह नीट काढ. तुझा ह इ-सारखा दिसतो."

हे खरं आहे. मास्तरही तेच म्हणायचे, छडी हातात घेऊन. म्हणून पावतीपुस्तकाच्या मागे काढून बघतोय. ह. ह. हा तिसरा परत इ झाला. बाईंनी इ म्हणजे काय ते सांगितलेलं नाही.

ऑफिस मावशीच्या घराखालीच आहे. साडेचार वाजले, आणि मध्ये पूल आहे. आता मला निघायलाच हवं.