घडीच्या खालची बातमी

मी एक अर्धी बातमी बोलतेय. माझा वरचा अर्धा भाग तुमच्या वाचनात आला असेल, तो सगळ्यांच्याच आला. मथळा त्याच्याकडं, फोटो त्याच्याकडं, ठळक अक्षरांतल्या पहिल्या ओळीही त्याच्याकडं. पेपरची आडवी घडी जिथं पडते त्या रेषेच्या खाली मी छापली गेले. मी काही कुणी परकी नव्हे, त्याच बातमीतली पुढची वाक्यं आहे. पण घडीच्या खालच्याला या जगात कोण विचारतं?

मला लिहिणारी वार्ताहर पुण्यातली. बाई कामाची होती. परदेशातल्या एका विद्यापीठानं मास्कवर अभ्यास केला होता, त्याची माहिती तिच्याकडं आली. तिनं ती नुसती उतरवून काढली नाही. दोन डॉक्टरांना फोन केले. अभ्यास कुणावर झाला, त्या लोकांनी मास्क नीट लावला होता का, हे सगळं खोदून विचारलं. मग पानं लावणाऱ्या साहेबांनी तिचा साधा मथळा काढला आणि आपला चढवला, 'मास्क निरुपयोगी? नव्या अभ्यासाने खळबळ'. ही खळबळ कुठं झाली होती ते मला अजून कळलेलं नाही. मथळा छापेपर्यंत तरी कुठंच झाली नव्हती.

वरच्या भागात एवढंच होतं, की साधा मास्क लावणाऱ्याला स्वतःला त्याचा फारसा फायदा दिसला नाही. त्याच्या पुढचं माझ्यात होतं. अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी निम्म्यांनीच मास्क नीट लावला होता. निष्कर्ष इतर तज्ज्ञांनी अजून तपासायचे होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, एकानं मास्क लावला तर त्याच्या समोरच्याचा किती बचाव होतो, हे या अभ्यासानं मोजलंच नव्हतं. म्हणून ज्याला खोकला किंवा ताप आहे त्यानं घरातही मास्क लावावा, त्यामुळं घरच्यांचा धोका कमी होण्याची शक्यता आहे, असं दोन्ही डॉक्टर म्हणाले होते. एवढं सगळं पोटात घेऊन मी गठ्ठ्यात बांधली गेले आणि शिरूरवरून न्हावऱ्याला आले.

माझ्या पाठीवर काय छापलं होतं तेही सांगते, म्हणजे आमच्या पेपरचं इमान तुम्हाला कळेल. कापूर आणि लवंगेचा अर्क लावलेल्या मास्कची जाहिरात होती ती. 'शंभर टक्के संरक्षण', आणि खाली फोन नंबर. पुढून मास्क निरुपयोगी, मागून शंभर टक्के. साहेबांनी दोन्ही बाजू एकाच दिवशी मंजूर केल्या आणि घरी जाऊन जेवले.

न्हावऱ्याच्या एका दूध संकलन केंद्रावर रोज एकच पेपर येतो. तो कुणी हातात घेऊन वाचत नाही, सगळे ऐकतात. पद्धत अशी, की रांगेतल्या माणसानं किटली पुढं केली की सेक्रेटरी भारत दुधाचा नमुना यंत्राच्या नळीला लावतो. फॅटचा आकडा येईपर्यंत त्याचे हात रिकामे. तेवढ्यात तो टेबलावर पसरलेल्या पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचतो. आकडा आला की बातमी संपली. पुढची किटली, पुढची बातमी. तेवढ्या वेळात मथळा आणि फार तर दोन-तीन ओळी होतात. कित्येक वर्षं या लोकांनी सगळं जग फॅट लागेपर्यंतच ऐकलंय.

कोरोनाची दुसरी लाट तेव्हा पुण्याकडून गावांकडं सरकत होती. त्या सकाळी भारतनं मथळा वाचला, "मास्क निरुपयोगी. नव्या अभ्यासानं खळबळ." प्रश्नचिन्ह त्यानं मुद्दाम गाळलं असं नाही, पण ते मोठ्यानं वाचणार तरी कसं? केंद्राचे चेअरमन सोपानराव शेजारी खुर्चीत होते. त्यांचा मास्क तसाही हनुवटीलाच असायचा. तो त्यांनी काढून खिशात घातला.

"मी म्हणतच हुतो," ते म्हणाले. "आवं, ह्यो सगळा मास्क इकायचा धंदा हाय. भारत, लाव ही बातमी काचंत. लोकांला कळू दे."

केंद्राच्या भिंतीवर काचेची एक पेटी आहे. दुधाचे दर, जनावरांच्या लसीकरणाची तारीख आणि चेअरमनच्या मनाला पटलेली बातमी एवढं तिच्यात लागतं. पेटी लहान, बातमी लांब. भारतनं घडीवर पट्टी धरली आणि टर्रकन फाडलं. वरचा भाग काचेत गेला, मी टेबलावर राहिले. त्या फाडण्यात राग नव्हता, कपट नव्हतं, काहीच नव्हतं. याचीच मला जास्त चीड येते.

रांगेत पुढं गेणबा उभा होता. सत्तरी ओलांडलेला माणूस. तरुणपणी मेंढरं घेऊन मुलूख हिंडलेला, आता दोन गाई आणि थोडं रान सांभाळून वस्तीवर स्थिरावलेला. घरात तो आणि त्याची बायको अनसाबाई. मुलगा बिरदेव बायको-मुलीला घेऊन दौंडला राहायचा, कंपनीत कामाला होता. गेणबाला वाचता येत नाही, पण कानावर पडलेलं तो विसरत नाही. मथळा आणि त्याखालच्या दोन ओळी त्यानं नीट ऐकल्या. मग गाईला घालायला क्षारांची पूड मागितली. भारतनं ती माझ्यात बांधून दिली. ज्या घराला माझी सगळ्यांत जास्त गरज पडणार होती, त्याच घरात मी अशी पुडी होऊन शिरले.

अनसाबाईनं पूड डब्यात ओतली, मला झटकलं आणि तळहातानं सपाट केलं. "कागद चांगला हाय," म्हणाली आणि चुलीशेजारच्या फळीवर मला अंथरलं. वर मिठाची बरणी, तिखटाचा डबा. जाहिरात खाली गेली आणि माझी अक्षरं वर राहिली. वाचणारं असतं तर त्या घरात मला एका नजरेत वाचता आलं असतं.

फळीच्या खिळ्याला एक मास्क लटकत होता. अनसाबाईनं आपल्या जुन्या खणाच्या चोळीचं कापड काढून तो हातानं शिवला होता, हिरवा, तांबड्या काठाचा. गेणबा तो घालायचा तेव्हा ती त्याला चिडवायची, "लई दिवसांनी नवरदेव दिसायलाय." तोही लाजल्यासारखं करायचा. मथळा ऐकून आल्यावर मात्र त्यानं तो खिळ्याला अडकवला, तो अडकवलाच.

पुढं भांडगावच्या पाहुण्यांकडं लग्न निघालं. पन्नास माणसांची परवानगी होती, जेवायला सगळी भावकी होती. गेणबा उघड्या तोंडानं गेला, सगळ्यांच्या गळ्यात पडून आला. आल्यावर त्याला कणकण वाटायला लागली, मग खोकला लागला. साधाच खोकला. रानात वारं लागलं असेल, असं त्यानं ठरवून टाकलं.

अनसाबाई खिळ्यावरचा मास्क घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"आवं, खोकताय. ह्ये तोंडाला लावा."

"त्याचा काय उपेग न्हाई. पेपरात आलंय."

"पेपरात आलंय! माझ्या घरात खोकतंय कोण, पेपरवाला का तुमी?"

"अनसा, बाहेरच्या देशातल्या डॉक्टरांनी बघितलंय. लावणाऱ्याला काय फरक पडत न्हाई. आन् पडला काय न न्हाई पडला काय, माझं वय झालंय. उगा जीव गुदमरवून घिऊ का?"

अनसाबाई बोलायला कुणाला हार जाणारी नव्हती, पण पेपरापुढं ती गप्प झाली. आपण न वाचलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं, हे तिला कळेना. तिनं मास्क परत खिळ्याला लावला. मीठ घ्यायला ती फळीशी आली, बरणी उचलली, आणि 'घरातही मास्क लावावा' ही माझी ओळ तिच्या डोळ्यांसमोर उघडी पडली. तिनं चिमूटभर मीठ घेतलं आणि बरणी परत माझ्यावर ठेवली. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी घसा फुटेपर्यंत ओरडले असते.

ती त्याच्या उशाशी बसून राहिली. काढा दिला, डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं, छाती शेकली. तो तिच्या तोंडावर खोकत होता आणि ती पदरानं त्याचं तोंड पुसत होती. गेणबा बरा झाला. काठी टेकत गोठ्यात जायला लागला, आणि अनसाबाईनं अंथरूण धरलं.

तिला धाप लागली तेव्हा बिरदेव गाडी घेऊन आला. शिरूरच्या दवाखान्यात खाट मिळेना. दौंडला कशीबशी मिळाली. निघताना तिनं गेणबाला गाईंच्या वैरणीचं सांगितलं, मिठाची बरणी झाकून ठेवायला सांगितलं. ती परत आली नाही. तिचं तोंडही त्याला बघायला मिळालं नाही. त्या दिवसांत ते पुष्कळांना मिळालं नाही, म्हणून गेणबाचं दुःख काही लहान होत नाही.

आजोबांजवळ राहायला बिरदेवची मुलगी अंकिता आली. बारावीला होती. एका दुपारी ती फळी पुसायला लागली, डबे खाली घेतले, मला उचललं. फेकणार तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. ती उभ्या उभ्या वाचत गेली, आणि मधेच ओढणीनं डोळे पुसायला लागली.

"काय लिहिलंय गं त्यात?" दारात बसलेल्या गेणबानं विचारलं.

"काय न्हाई आबा, जुना पेपर हाय."

"जुना हाय तर रडतीस कशाला? वाच."

तिनं वाचलं. जन्मल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला मोठ्यानं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचत होतं. इतर कधी हे झालं असतं तर मी आनंदानं फुलून आले असते. गेणबानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "परत वाच." तिनं परत वाचलं.

"ह्ये त्याच बातमीतलं हाय?"

"व्हय आबा. त्याच."

"मग ह्ये वर का न्हाई छापलं?"

मला माहीत आहे, पण मला कोण विचारणार? 'शक्यता आहे' हे शब्द मोठ्या अक्षरांत कुणी छापत नाही. त्यानं पेपर खपत नाही आणि चहाला चव येत नाही.

दुसऱ्या दिवशी गेणबा मला घेऊन केंद्रावर गेला. काचेत माझा वरचा भाग अजून होता, उन्हानं पिवळा पडलेला. गेणबानं किटली ठेवली आणि मला भारतपुढं धरलं.

"ह्ये वाच. सगळं वाच. फॅट लागू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे."

भारतनं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. यंत्रावर आकडा येऊन थांबला होता, रांगेत कुणी कुरकुर केली नाही. सोपानराव खुर्चीतून उठले, गेणबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, झालं ते झालं. तुमी मास्क लावला असता तरी म्हातारी वाचली असती कशावरनं?"

खरं बोलायचं तर सोपानरावांचं हे म्हणणं चूक नव्हतं. मीही तसं कुठं म्हटलंय? आजार त्याच्याकडूनच तिला गेला, हेही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. जे माझ्यात नाही ते माझ्या नावावर खपवलं तर मी आणि तो मथळा सारखेच.

गेणबा मान खाली घालून म्हणाला, "वाचली असतीच आसं मीबी म्हणत न्हाई, सोपानराव. माझ्यासाठी हाय आसं वाटलं म्हणून न्हाई लावला. तिच्यासाठी हाय ह्ये कळलं असतं, तर लावला असता की."

मग भारतनं हळूच म्हटलं, "आबा, ठिवून जा. लावतो काचंत." त्यानं मला टेबलावर ठेवलं. पुढची किटली आली, नमुन्याची ओली बाटली घाईत माझ्यावर टेकली. गेणबानं ते पाहिलं. बाटली बाजूला केली, मला उचललं आणि तो चालू लागला. आठवड्यात काचेत नवी बातमी आली. 'मास्क हाच एकमेव उपाय'. तीही घडीपर्यंतच होती.

आता मास्कचं कुणी नाव काढत नाही. भारत पेपर घेत नाही, मोबाइलवरच्या बातम्या वाचतो, कधी औषधाची, कधी बियाण्याची, कधी कुठल्या नव्या आजाराची. त्याला घडी नसते, पण फॅट लागेपर्यंतच वाचायची सवय काही मोडलेली नाही. रांगेतून गेणबाचा आवाज येतो, "खालचं वाच." पोरं हसतात. कुणी म्हणतं, "आबा, खाली नुसत्या जाहिराती हायेत." क्वचित भारत बोटानं पान खाली सरकवतो. बहुतेक वेळा पुढचा नंबर पुकारतो.

मी गेणबाच्या कोपरीच्या खिशात असते. घड्या पडून पडून माझ्या मधल्या ओळी उडाल्या आहेत. दुधाचा गोल डाग आहे, मिठाचा खार चढलाय. फार दिवस टिकेन असं वाटत नाही, आणि टिकून तरी कुणाच्या कामाची? तुमच्याकडं एकच मागणं आहे. मोठ्या अक्षरांतलं काही वाचून घरातल्या माणसाचं तोंड गप्प करण्याआधी, खाली उरलेलं वाचा. कुणी सांगितलं, कशावरून सांगितलं, आणि काय मोजलंच नाही, ते बघा. नंतर वाचून काय होतं ते मी रोज ऐकते. दूध घालून परतताना, वस्तीच्या वाटेवर मागंपुढं कुणी नसलं, की गेणबा खिशावर हात ठेवतो आणि म्हणतो, "लावला असता गं, अनसा."