राहिलेलं प्रॅक्टिकल

रविवारी सिल्वासाजवळच्या खडोलीचा कारखाना बंद होता. सुकदेवने तिथल्या प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, आतून अमोनियाचा वास आला आणि एकोणऐंशी वर्षांचे पेठेसर दारातच थबकले. हा वास नाकात जाऊन वीस वर्षं झाली होती.

सर मूळचे रसायनशास्त्राचे; एकाहत्तरच्या युद्धात ते सरहद्दीजवळच्या एका विद्यापीठाचे कुलगुरू होते. पदवीदानाच्या सभागृहात जखमी जवानांच्या खाटा होत्या, खिडक्यांना काळे कागद. मुलं रक्त द्यायला रांगा लावत, रस्त्यांवर पहारा देत. सरांनी आदेश काढला: सेवेला गेलेल्यांना प्रॅक्टिकल माफ, पदवी मिळेल. निवृत्तीनंतर ते सिल्वासाला लेकीकडे, कुसुमकडे आले. कुसुम इथे शाळेत विज्ञान शिकवायची. विद्यापीठाचं पत्र येईल म्हणून सर अजून टपाल स्वतः घेत. पत्र येत नसे.

आला तो सुकदेव. वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे तिकडे शिकलेला खानदेशी माणूस, आता इथे बॉयलरचं पाणी तपासणारा.

"सर, कारखान्यातली पोरं मला युद्धपदवीवाला म्हणतात. म्हणू द्या. पण मलाच वाटतं, माझं प्रॅक्टिकल राहिलंय."

"आणि ते मी घ्यायचं?"

"माफ तुम्हीच केलं ना?"

म्हणून आज सरांनी कुसुमच्या शाळेतून आणलेला क्षार ओळखायला म्हणून कागदाच्या पुडीत बांधला, वर 'एक' असा आकडा घातला आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. "चार तास. बोलायचं नाही."

सुकदेवने परीक्षानळी धुतली. सर हात मागे बांधून टेबलांमधून फिरू लागले. समोर एकच विद्यार्थी होता, तरी ते शेवटच्या टेबलापर्यंत जाऊन परत येत. मध्येच कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलापाशी उभं राहून त्यांनी मान डोलावली.

तीन तासांतच उत्तराचा कागद आला: कॅल्शियम नायट्रेट.

"ज्योतीचा रंग?"

"लाल, सर."

"विटकरी की किरमिजी?"

सुकदेवने कागद पुन्हा पाहिला; तिथे नुसतं 'लाल' लिहिलं होतं.

"विटकरी कॅल्शियमची, किरमिजी स्ट्रॉन्शियमची. स्ट्रॉन्शियमची चाचणी केलीस?"

"थेट ऑक्झलेट घातलं. पांढरा साका बसला."

"तो स्ट्रॉन्शियमचाही बसतो. पुडीत तेच होतं. रोज पाण्यातलं कॅल्शियम मोजतोस, म्हणून तुला जिथे तिथे कॅल्शियम दिसतंय."

सुकदेवने चष्मा काढून पुसला. "म्हणजे गेलो?"

सरांच्या हातात लाल पेन होतं. पास करणारा आकडा लिहिला असता तर हा माणूस हलका होऊन घरी गेला असता, आणि पुन्हा आला नसता. आणि आकडा खोटा ठरला असता.

"तेव्हा युद्ध होतं, म्हणून सोडलं. आता कुठे युद्ध आहे? नापास. ऑक्टोबरला बस."

सुकदेव आधी पाहत राहिला, मग हसू दाबत म्हणाला, "मग तयारी कोण करून घेणार?"

"रविवारी ये," सर म्हणाले. "दहाला. उशीर झाला तर आत घेणार नाही."