ऑलिव्हच्या बागेपाशी वाकलेला रस्ता

या, बसा. मागे दाराशी उभ्या राहिलेल्या माउल्यांनो, पुढे या, इथे जागा आहे. आज एका सत्काराची गोष्ट सांगायची आहे. सत्कार म्हटल्यावर सगळं गोडच असणार, असं समजून कुणी सैल बसू नका. ज्याच्या गळ्यात पदक पडायचं होतं, त्याची मान त्या दिवशी खाली का गेली, ते ऐकायचं आहे. देवाचं नाव घ्या आणि इकडे कान द्या.

प्रोद्रोमोस हाल्कियास हा दक्षिण ग्रीसमधल्या एका डोंगराळ प्रांताचा सरकारी रस्ते-अभियंता. सारी नोकरी त्याने त्या डोंगरांत घालवली. जिथे खेचरं घसरत तिथे त्याने एसटीसारख्या मोठ्या गाड्या नेल्या. बाळंतिणींना दवाखाना जवळ आला, ते त्याच्यामुळे. लाच म्हणून त्याने कधी कुणाची दमडी घेतली नाही, हे त्याचे शत्रूसुद्धा कबूल करत. तो निवृत्त झाला आणि प्रांताने त्याला सार्वजनिक सेवेचं जीवनगौरव पदक जाहीर केलं.

त्या सकाळी त्याची बायको असिमिना त्याच्या सदऱ्याची कॉलर ठीक करत होती.

"अहो, मान जरा वर करा. फोटोत खाली बघत उभे राहू नका. लग्नातही तसेच उभे होतात."

"लग्नात कारण होतं," प्रोद्रोमोस म्हणाला.

त्यांची मुलगी फोतिनी खळखळून हसली. तीही अभियंताच, वडिलांच्याच कचेरीत कामाला लागलेली. तिच्या मांडीवर तिचं बाळ लाकडी चमचा चावत बसलं होतं. बाळाला सगळे नुसतं 'बेबिस' म्हणत, कारण त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. त्या भागात मूल पवित्र पाण्यातून बाहेर येईपर्यंत त्याला नाव लागत नाही.

तेवढ्यात दार न वाजवता अनार्गिरोस आत आला. खांद्यावर तेलाचा डबा, हातात मिठाईचा खोका. अनार्गिरोस तेलगिरणीचा मालक आणि प्रांत-सभेतला वजनदार सभासद. पण या घरात त्याची ओळख निराळी होती. फोतिनीच्या बाप्तिस्म्यात तिच्या अंगाला त्यानेच तेल लावलं होतं, पाण्यातून निघालेल्या तिला त्यानेच हातांत घेतलं होतं. म्हणून तो तिचा नोनो, धर्मपिता, आणि तिच्या बापाचा कुंबारोस. हे नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं मानतात. भावाशी भांडण होतं, अबोला होतो. कुंबारोसला मात्र नाही म्हणत नाहीत.

"कुंबारे! नवरदेव दिसतोयस की रे! हे घे, यंदाचं पहिलं तेल. अजून कोमट आहे, हात लावून बघ."

"आत्ता कशाला त्रास घेतलास?"

"त्रास कसला? आज आमच्या घरचा सत्कार आहे." तो बाळाकडे वाकला. "आणि या पहिलवानाचं काय? पाण्यातून कोण उचलणार, ठरलं का? फोतिनी, माझा थोरला तयार आहे बरं का. तुला मी धरलं, तुझ्या लेकराला तो धरील."

असिमिनाचे डोळे भरून आले. "आणखी काय हवं आम्हाला?"

अनार्गिरोस दाराकडे वळला आणि काहीतरी आठवल्यासारखा थांबला. "अगं, हो. ते गिरणीजवळचं वळण सरळ करायचं म्हणून काहीतरी तुझ्या टेबलावर आलंय म्हणे. माझ्या बागेतून रस्ता काढायचा. घाई करू नकोस, पोरी. पडून राहू दे. असल्या गोष्टी पडून राहिल्या की आपोआप विझतात."

फोतिनीने बाळाच्या तोंडातला चमचा सोडवला. "बघते, नोने," ती खाली बघत म्हणाली.

प्रोद्रोमोसने झटकन वळून तिच्याकडे पाहिलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. फोतिनी पाळण्यात होती, तेव्हा याच खोलीत त्याने स्वतः तसंच म्हटलं होतं. "बघतो, कुंबारे."

त्या वेळी त्याच्या आराखड्यात तो रस्ता डोंगरावरून सरळ खाली येत होता आणि मधे अनार्गिरोसची ऑलिव्हची बाग होती. बाप्तिस्म्याच्या पुढच्याच आठवड्यात अनार्गिरोस आला. पैसे दिले नाहीत, धमकी दिली नाही. तान्हीला मांडीवर घेऊन नुसतं म्हणाला, "माझ्या आज्याची झाडं आहेत रे. झाडं हलत नाहीत, तुझी रेघ हलेल." प्रोद्रोमोसला भीड पडली. त्याने रेघ हलवली. उतारावरून वेगाने येणारा रस्ता बागेपाशी कोपरासारखा वाकला. एका बाजूला गिरणीची भिंत, दुसरीकडे झाडं. समोरून येणारी गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नाही.

त्या वळणावर पहिला गेला तो कोस्मास. बेकरीवाल्या विधवेचा, पोलिक्सेनीचा, एकुलता एक मुलगा. पहाटेचे पाव घेऊन छोट्या गाडीने निघाला होता, समोरून लाकडाचा ट्रक आला. तिकडे रस्त्यात माणूस गेला की घरचे त्या जागी खांबावर एक लहानशी देवळी उभारतात, आत तसबीर आणि दिवा. पोलिक्सेनीने उभारली. मग तिच्या शेजारी दुसरी आली, आणि पुढे तर ओळच लागली. प्रोद्रोमोस तेव्हापासून गावाला जाताना जुन्या घाटाने लांबचा फेरा घेऊन जाई. कुणी विचारलं तर म्हणे, घाटातली हवा बरी असते.

सभागृह भरलं होतं. बिशपांनी प्रार्थना म्हटली, पुजाऱ्याने स्तोत्र असं गायलं की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे मिटून डोलू लागल्या. प्रोद्रोमोसलाही स्तोत्रांचं वेड. पण त्या दिवशी शब्द कानाशी येऊन परत जात होते. मग अंधार करून पडद्यावर त्याच्या कामांची चित्रं सुरू झाली. पूल आले, बोगदा आला. लोक टाळ्या वाजवत होते.

आणि मग ते वळण आलं. उंचावरून घेतलेलं चित्र, चंदेरी पानांची बाग आणि तिला वळसा घालून जाणारा रस्ता.

"हे पाहा!" निवेदन करणारी मुलगी उत्साहाने म्हणाली. "जुन्या झाडांना धक्का लागू नये म्हणून इथे रस्त्याने वाट बदलली. झाडांवर इतकी माया करणारा अभियंता आपल्याला लाभला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत अनार्गिरोस सगळ्यांत जोरात वाजवत होता. चित्रात रस्त्याच्या कडेला पांढरे ठिपके दिसत होते. ठाऊक नसणाऱ्याला ती फुलं वाटली असती.

प्रोद्रोमोसने नजर वळवली, तर दारात पोलिक्सेनी उभी. समारंभाचे गोड पाव तिच्या बेकरीतून मागवले होते, त्यांचं मोठं ताट तिच्या हातात होतं. ती पडद्याकडे बघत होती. तिने ताट सावकाश टेबलावर ठेवलं आणि क्रूसाची खूण केली. ओरडली नाही, रडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्याला मंचावर बोलावलं. पदक पुढे आलं. त्याने हाताने ते थांबवलं.

"हे चित्र पुन्हा लावा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की लोक गप्प झाले. "ही झाडं मी मायेने वाचवली नाहीत. रस्ता सरळच होता. माझ्या कुंबारोसने शब्द टाकला आणि मी तो वाकवला. असं वळण माणसं मारतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ते मी शिकलेलो होतो. आणि ते पांढरे ठिपके... त्या देवळ्या आहेत. पहिली कोस्मासची."

"कुंबारे!" अनार्गिरोस उठून उभा राहिला. "डोकं फिरलंय का तुझं? घरातलं घरात बोलावं!"

"घरातलं घरात ठेवलं, म्हणून बाहेर रस्त्यावर माणसं मेली."

"तुझ्या पोरीला मी तेल लावलं, त्याचे हे पांग फेडतोस?"

तेव्हा बाळाला कडेवर घेऊन फोतिनी उठली. "नोने, तुम्ही मला पाण्यातून उचललंत, त्याबद्दल जन्मभर तुमच्या हाताचं चुंबन घेईन. पण ते वळण मी पडून राहू देणार नाही. सोमवारी सही करते. आणि तुमचा थोरला माझ्या बाळाचा नोनो व्हायला नको."

"फोतिनी!" असिमिनाने तोंडावर हात ठेवला. अनार्गिरोस निघून गेला. जाताना त्याने कुणाकडे बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाची त्याच्याकडे बघायची हिंमतही झाली नाही. सभागृहात असं कोण होतं, ज्याने कधी त्याच्याकडून शब्द टाकून घेतला नव्हता? कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या घराचा परवाना. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले.

फोतिनी थेट पोलिक्सेनीपाशी गेली, मागून प्रोद्रोमोस. "किरा-पोलिक्सेनी," तो आदराने, आपण बाईसाहेब म्हणावं तसं, म्हणाला, "तोंड वर करून मागायची माझी लायकी नाही. पण या लेकराला तुम्ही पाण्यातून उचला. नाव कोस्मास ठेवू."

म्हातारीने पिठाचे हात एप्रनला पुसले. बाळाचं उघडं पाऊल मुठीत धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"पाय गार पडलेत, पोरी. मोजे घालत जा," ती फोतिनीला म्हणाली. मग प्रोद्रोमोसकडे वळली. "साहेब, आज तुम्हाला हलकं वाटत असेल. मला वाटत नाही. माझ्या लेकाचं नाव मी कुणाला तोंड पुसायला देणार नाही."

"मग मी काय करू?"

"रस्ता सरळ करा. ज्या दिवशी त्यावरून पहिली गाडी धडपणे खाली उतरेल, त्या दिवशी घेते मी याला हातात. त्याआधी नाही."

असिमिना कळवळली. "तोवर लेकरू बिननावाचं राहील? काही बरंवाईट झालं तर? लोक काय म्हणतील?"

"माझ्या लेकराला नाव होतं, बाई," पोलिक्सेनी म्हणाली आणि ताट तिथेच सोडून निघून गेली.

फोतिनीने सोमवारी सही केली. अनार्गिरोस कोर्टात गेला. बागेत मोजणीच्या खुंट्या लागल्या, एकदा कुणीतरी उपटल्या, पुन्हा लागल्या. अजून निकाल नाही. बाळ आता चालतं, पाव मागतं, कोंबड्यांच्या मागे धावतं. शेजारणी हसतात, "काय गं, तुझा बेबिस आता दाढी करायला लागेल!" फोतिनी हसत नाही, पण मागेही हटत नाही. असिमिना दर रविवारी देवळात त्याच्यासाठी मेणबत्ती लावते आणि कुणाच्या नावाने लावू, हे तिला सांगता येत नाही.

आणि पदक नाकारलेला तो अभियंता? तो आता लांबच्या घाटाने जात नाही. रोज सकाळी वळणाच्या वर, उतार सुरू होतो तिथे, हातात लाल फडकं घेऊन उभा राहतो. येणाऱ्या गाडीला हळू जा म्हणून खुणावतो. परगावचे ड्रायव्हर त्याला वेडा समजून भोंगा वाजवतात. कोस्मासच्या देवळीतल्या दिव्यात तेल घालायची मुभा पोलिक्सेनीने त्याला दिलेली नाही. पण परवा थंडी फार होती, तेव्हा ती दिवा लावायला आली आणि जाताना त्याच्या शेजारच्या दगडावर एक गरम पाव ठेवून गेली. त्याने मान वर केली नाही.

मायबाप, तुम्ही दूरच्या देशातले, तुमची नाती निराळी, तुमच्या भिडेची माणसं निराळी. पण उद्या तुमची सही मागायला कुणी आपलं माणूस येईल, तुमच्या लेकराला मांडीवर घेईल, आणि "बघतो" हा शब्द तुमच्या ओठांवर येईल. त्या घटकेला पहाटेचे पाव घेऊन निघालेल्या कोस्मासची आठवण ठेवा. आणि जमलं तर त्या लेकराचीही, जे आपल्या नावाची वाट बघत अंगणात खेळतं आहे.