ऑपरेटरबाई नेटवर्क शिकतात

ऑफिसातला टेलिफोनचा बोर्ड काढायचं ठरलं, तेव्हा बोर्डाबरोबर ऑपरेटरबाईंचं काय करायचं हा प्रश्न निघाला. बोर्ड भंगारात गेला. बाईंचा भाव भंगारवाल्याला विचारता येईना. शेवटी मॅनेजरसाहेबांनी तोडगा काढला. नेटवर्कच्या खोलीत एक जागा रिकामी होती. नेटवर्किंगची पहिल्या पायरीची परीक्षा पास झालात तर जागा तुमची, नाहीतर गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायची. साहेब उदारपणात कमी पडत नाहीत, फक्त तो अंगाशी येणार नाही याची आधी खात्री करून घेतात. बाई पन्नाशीच्या. आयुष्य ‘हॅलो, जोडून देते’ म्हणण्यात गेलेलं. साहेबांनी त्याच दिवशी गोदामात टेबल लावायला सांगितलं.

बाईंनी फी भरली, जाडजूड पुस्तक आणलं आणि एक जुना नेटवर्क स्विच मिळवला. स्विच म्हणजे एका ओळीत भोकं असलेलं चपटं खोकं. सगळ्या संगणकांच्या तारा त्यात येऊन मिळतात. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले की बाई ऑफिसातल्या आपल्या जुन्या टेबलावर तारा खोचत बसायच्या.

तिथेच घोटाळा झाला. टेबलामागच्या भिंतीत नेटवर्कची दोन भोकं होती. बाईंचा जन्म टेलिफोनमध्ये गेलेला. एक लाइन गेली तर दुसरी हाताशी हवी, हा त्यांचा धर्म. त्यांनी एक तार या भोकातून स्विचला जोडली आणि जादा म्हणून दुसरी त्या भोकातून. माणसं जेवून जागेवर परतली, तर सगळं ऑफिस आडवं. मेल बंद, प्रिंटर बंद. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं उठून एकमेकांकडे बघायला लागली.

नेटवर्क सांभाळणाऱ्याला सगळे वायरमामा म्हणतात. मामा घाम पुसत एकेका मजल्यावर धावत होते. कारण कोणालाच कळत नव्हतं. बाईंनाही नाही, पण स्विचवरचे सगळे दिवे वेड्यासारखे एकदम लुकलुकताना त्यांना दिसले. त्यांनी दुसरी तार उपटली. ऑफिस शुद्धीवर आलं.

आता गप्प बसणं सोपं होतं. आमच्याकडे त्याला अनुभव म्हणतात. बाई उठल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “मामा, धावू नका. मी केलं.”

साहेबांना आयतंच मिळालं. त्यांनी केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे सरकवला. ‘मी स्वखुशीने परीक्षेतून माघार घेत आहे.’

“बाई, वय बघा जरा.”

“परीक्षेच्या अर्जात लिहिलंय. त्यांना चाललं.”

“सही करा. तुमच्याच सोयीचं आहे.”

“खुशी माझी आणि मजकूर तुमचा? जमायचं नाही.”

“मग इथल्या कुठल्याही तारेला हात लावायचा नाही!”

“नाही लावत. परीक्षेला हात लावते.”

तिथून बाई थेट मामांच्या दारात. “का बंद पडलं ते सांगा. सांगेपर्यंत हलणार नाही.”

मामा वैतागलेलेच होते. “अहो, टेलिफोनची दुसरी लाइन म्हणजे आधार. इथे दुसरी लाइन म्हणजे चकवा! सगळ्यांसाठी निघालेला निरोप एका तारेने बाहेर पडतो, दुसरीने घरात शिरतो, परत बाहेर. प्रत्येक फेरीत गर्दी वाढते. खऱ्या कामाच्या निरोपाला पाय ठेवायला जागा उरत नाही.”

“म्हणजे आमच्या नणंदेच्या तोंडी पडलेली बातमी.”

मामा हसले आणि तिथेच फसले. त्या दिवसापासून त्यांचा चहा बाईंच्या प्रश्नांबरोबर गार व्हायला लागला.

सराव घरी हलला. स्वयंपाकाच्या ओट्यावर डबे मांडून त्यांना परकराच्या नाड्या बांधल्या. साखरेचा डबा म्हणजे एक स्विच, मिठाचा दुसरा. नणंद पुस्तक धरून परीक्षक झाली.

“वहिनी, साखरेकडून चहाच्या डब्याला निरोप जायचाय आणि मधली नाडी तुटली. आता?”

“मिठाकडची बंद ठेवलेली वाट उघडेल, तिकडून फिरून जाईल.”

“मग चहा खारट!”

“वन्सं, प्रश्न विचारा. चव घेऊ नका.”

सबनेटच्या हिशेबाने मात्र त्यांना रडवलं. संगणकांच्या पत्त्यांचे गट कुठे तोडायचे ते रोज चुकायचं. नणंद म्हणाली, “सोड ना वहिनी, लेबलं चिकटवायला डोकं लागत नाही.” बाईंनी पुस्तक हिसकावलं आणि तोच हिशेब पुन्हा मांडला.

परीक्षा झाली. काठावर का होईना, बाई पास झाल्या. निकालाचा कागद घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“वा! अभिनंदन. फक्त त्या खोलीत सध्या खुर्ची नाही. मंजूर होईपर्यंत तुम्ही आपल्या गोदामात…”

वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाई बाहेर पडल्या होत्या. आपल्या टेबलाशी जाऊन त्यांनी स्वतःची चाकांची खुर्ची ओढली आणि ढकलत निघाल्या. एक चाक किंचाळत होतं. हिशेबवाल्यांनी माना वर केल्या. कोणी तरी टाळी वाजवली आणि साहेबांची केबिन आठवून थांबवली. बाईंनी खुर्ची नेटवर्कच्या खोलीत घातली.

“मामा, पाय बाजूला घ्या.”

मामांनी पाय बाजूला घेतले. साहेब मागोमाग दारात आले.

“बाई, मंजुरीशिवाय असं बसता येत नाही!”

“मंजुरी आली की इथेच पाठवा,” बाई म्हणाल्या आणि बसल्या.