न बोलायची खोली

माझं तोंड गप्प बसत नाही, हे खरं. आमची ही म्हणते, तुम्ही भिंतीशीसुद्धा गप्पा माराल. पण पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे साफ केले, या तोंडाने कुणाचं वाईट होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंच्या पीएचडीचा प्रयोग होता. आईचं दूध नुकतंच सुटलेली चाळीस पिल्लं. वीस एकत्र, त्यांना मी रोज हातात घेऊन कुरवाळायचं. उरलेली वीस पलीकडच्या खोलीत, एकेका पिंजऱ्यात एकेकटी. दाणा-पाणी ठेवायचं, खालचा ट्रे बदलायचा की बाहेर. एकटी वाढलेली किती बुजरी होतात, ते बाईंना मोजायचं होतं.

हात नाही लावला, देवाशप्पथ. पण ट्रे बदलताना तोंड चालूच. "काय रे लबाडा, जेवलास का? असा काय बघतोस, मी काय सासरा लागतो तुझा?" महिन्याभरात माझी चाहूल लागली की वीसही जण जाळीला नाक लावून उभे. मला बापड्याला बरं वाटायचं.

चाचणीत दोन्हीकडची सारखीच निघाली. एकटी वाढलेलीही निवांत फिरली, हातावर चढली. बाई रडकुंडीला आल्या. मी खरं सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "मग पुन्हा करावं लागेल, काका."

ती चाळीस त्याच आठवड्यात मारली. नवी चाळीस आली. मला यातून काढा म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "माणूस बदलून चालणार नाही. फक्त बोलू नका."

महिनाभर त्या खोलीत ओठ घट्ट मिटून गेलो. पिल्लं आपली पिंजऱ्यात गोल गोल फिरायची. मी गप्प बसलो असतो तर पहिल्या विसांवरच भागलं असतं, ही वीस माझ्यामुळे तिथे होती. घरी ही विचारायची, बरं नाही का? मी नुसती मान हलवायचो.

या वेळी सगळं बाईंच्या मनासारखं झालं. एकटी वाढलेली वीसही चाचणीच्या पेटीत कोपऱ्यात अंग चोरून बसली. शेवटच्याला उचलायला गेलो तर ते बोटाला कडकडून चावलं. त्याचा काय दोष? मी म्हटलं, "असू दे रे बाळा."

त्याच्याशी कुणी बोलायची ती पहिलीच वेळ. आवाज ऐकला मात्र, ते किंचाळलं आणि पेटीच्या भिंतीवर जाऊन आदळलं.