स्टिअरिंगसमोरची काच

"वहिनी, गॅरेजात गाडीचं इंजिन चालू ठेवून, शटर खाली ओढून आत बसता तुम्ही? रोज?"

"रोज नाही हो. डोकं फारच ठणकलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घेते."

शंकासुराच्या हातातला पाना हातातच राहिला. शंकासुर हे त्याचं घरातलं नाव. थोरल्या भावाने ते ठेवलं होतं आणि हयातभर प्रयोगशाळेत तापमापकांचा व दाबमापकांचा खरेखोटेपणा तपासणाऱ्या माणसाला ते शोभूनही दिसे. 'आईचं काहीतरी विचित्र चाललंय,' एवढंच पुतणी फोनवर म्हणाली होती. विचित्र हा शब्द अपुरा होता. बंद गॅरेजात इंजिन चालवलं की हवेत एक बिनवासाचा वायू साठत जातो. त्याची सुरुवात डोकेदुखीने होते आणि शेवट झोपेत.

"पण कशासाठी?"

"हे येतात म्हणून." दूध तापायला ठेवलंय हे सांगावं तितक्या सहजपणे वहिनी बोलल्या. "इंजिन तापलं की ह्यांच्या समोरच्या काचेवर श्वासाची वाफ धरते. माझी बाजू कोरडी ठणठणीत. वासही येतो, गोडसर. मग मी दिवसभराचं सगळं सांगते. जिवंतपणी एवढं कधी ऐकून घेतलं नव्हतं ह्यांनी."

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. शंकासुराने बॉनेट उघडलं. कारण शोधावं लागलंच नाही. इंजिनाच्या माथ्याशी, रेडिएटरकडे जाणारा जाड रबरी पाइप जिथे चढवलेला असतो, तिथे ॲल्युमिनियमचं मुठीएवढं घर होतं. इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट त्याच्या आत बसतो. त्या हाउसिंगच्या सांध्याभोवती वाळलेल्या कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पोपटी खपली चढली होती.

"हे बघा तुमचे–" तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"बोला, बोला. अर्धं गिळू नका."

"इथून कूलंट गळतं, खालच्या तापलेल्या लोखंडावर पडतं, त्याची वाफ होते. ती काचेखालच्या जाळीतून आत ओढली जाते. तुमच्या बाजूची हवेची झडप अडकलेली आहे, म्हणून धुकं फक्त दादाच्या बाजूला. गोड वासही त्या कूलंटचाच."

वहिनींनी त्या खपलीवरून बोट फिरवलं. "म्हणजे वर्षभर मी गळतीशी संसार केला म्हणता?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुम्ही कधी काही म्हणतच नाही, भाऊजी. नुसतं सिद्ध करता." त्यांनी किल्ली काढून मुठीत धरली. "करा दुरुस्त. नंतर काच स्वच्छ राहिली तर ही किल्ली तुमची, आणि मी लेकीकडे राहायला जाते. पण धूसर झाली, तर मला कोणी एक शब्द बोलायचा नाही. तुम्हीही नाही."

"मान्य."

"आणि बघायचं तुम्ही. मी डोळे मिटून बसणार. माझं काय, मला कोऱ्या भिंतीवरही हे दिसतील. तुम्ही पत्त्यांतसुद्धा कधी लबाडी केली नाहीत. ह्यांना त्याचाच तर राग यायचा."

इंजिन थंड होतं. त्याने थोडं कूलंट काढून घेतलं, पाइपाची पकड सैल केली आणि दोन्ही बोल्ट सोडवले. एक सहज आला, दुसऱ्याने तेल पिऊन मग ऐकलं. हाउसिंग निघालं तेव्हा सांध्यावर थापलेलं सिलिकॉन दिसलं. हा दादाचा उद्योग. सांध्यातली गळती थोपवणारी चकती, म्हणजे गॅसकेट, बदलायचा कंटाळा आला की तो लेप लावून मोकळा होई. त्या लेपात त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटून वाळला होता, रेघ न् रेघ स्पष्ट. ठसा म्हणजे सिलिकॉनला मिळालेला एक आकार, असं स्वतःला बजावून शंकासुराने तो खरवडून काढला. मात्र ते करताना त्याने वहिनींकडे पाठ केली होती.

हाउसिंगची कड झिजून खड्डेदार झाली होती. त्याने दुकानात जाऊन आणलेलं नवं बसवलं. नवा थर्मोस्टॅट, नवं गॅसकेट. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. कूलंट भरून हातपंपाने दाब दिला. पंपावरच्या दाबमापकाचा काटा खाली आला नाही, म्हणजे गळती थांबली होती. मग शटर पूर्ण उघडं ठेवून, दादाच्या सीटवर बसून त्याने वरचा पाइप तापेपर्यंत इंजिन चालवलं. सांधा कोरडा राहिला. इंजिन बंद करून त्याने हवेच्या झडपा मिटल्या, शटर ओढलं, दिवा लावला आणि स्वतः मागच्या सीटवर बसला. वहिनी नेहमीप्रमाणे पुढे, डावीकडे. आपल्याच श्वासाने घोटाळा नको म्हणून त्याने वहिनींना तोंडावर रुमाल धरायला लावला आणि स्वतःही धरला.

गोड वास नव्हता. काच स्वच्छ होती.

मग ती स्वच्छ नव्हती. स्टिअरिंगच्या वर, बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल त्या उंचीवर, तळहाताएवढा पांढुरका डाग उमटला. आक्रसला. पुन्हा पसरला. नळीत उरलेली वाफ असती तर धुकं काचेच्या खालच्या कडेपासून चढलं असतं. हा डाग कडेला कुठेच टेकला नव्हता. शंकासुराने श्वास रोखला. डाग आक्रसला, पसरला. वहिनींचा रुमाल वेगळ्याच लयीत हलत होता.

"भाऊजी? आहे का काही?"

"थांबा."

दिसतं ते सांगितलं, तर वहिनी उद्या पुन्हा इंजिन चालू करून, शटर ओढून इथे बसतील. शेजारी कोण बसलंय याची त्या वायूला पर्वा नसते. तो रिकाम्या सीटवरून पुढे वाकला. सीटची पाठ कोमट लागली. मघाशी तिथे तोच बसला होता, हे कारण पुरेसं होतं. त्याने बाहीने काच पुसली.

"काच स्वच्छ आहे," तो म्हणाला. त्या क्षणी ते खरं होतं. निकाल आधी ठरवून मोजमाप नंतर, असं त्याच्या हातून पूर्वी घडलं नव्हतं.

वहिनी तशाच डोळे मिटून बसल्या. "मग मी बोलत कुणाशी होते हो?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता किल्ली त्याच्या हातात ठेवून त्या उतरल्या. त्यांनी शटर वर केलं आणि घरात गेल्या. थोड्याच वेळात त्यांचा फोनवरचा आवाज आला, "हो गं. येते म्हटलं ना, उद्याच येते."

शंकासुर मागेच बसून होता. बाही ओली होती. समोरची काच आता कोरडी होती. आता धूसर होत होता तो मधला आरसा, ज्याची काच मागे वळलेली असते. कोणीतरी सीटवरून मान वळवून मागे पाहावं, तसा. आरशातले त्याचे स्वतःचे डोळे पुसट झाले, मग दिसेनासे झाले.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तिला जाऊ दे."

तो उतरला, बॉनेट पुन्हा उघडलं, बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि बॅटरी उचलून उन्हात नेऊन ठेवली. किल्ली खिशात असताना असं करण्याला कोणतंही तर्कशुद्ध कारण नव्हतं.