जन्नतच्या कपड्यांची गोधडी

तिकोणा पेठ या गावात, पवना धरणाच्या काठी एका बंगल्यावर शनिवार-रविवारचं गोधडीचं शिबिर होतं. बहुतेक बायका पुण्याहून आल्या होत्या. रोशनबी मात्र कामशेतची. बाजारात तिचं ड्रेस-ब्लाउज शिवायचं दुकान, त्यामुळे सुईदोरा तिला नवा नव्हता. पण घरी लेकीच्या कपड्यांवर तिची कात्री चालत नव्हती. "चार बायकांत बसलीस तर होईल," असं म्हणून तिच्या नवऱ्याने, नूरमहंमदने, तिचं नाव घातलं आणि सकाळी स्वतः स्कूटरवरून आणून सोडलं.

पिशवीत जन्नतचे कपडे होते. एकुलती एक लेक. थंडीत कॅन्सरने गेली. जन्नतची चार वर्षांची सानिया तेव्हापासून आजीपाशीच होती. आता जावयाची, इर्शादची, भुसावळला बदली झाली होती आणि तो मुलीला घेऊन जाणार होता. त्याचं काही चुकत नव्हतं, त्यामुळे रोशनबीला भांडताही येत नव्हतं. पोरीबरोबर आईच्या कपड्यांची गोधडी द्यायची, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

गोधडी शिकवायला गावातल्याच झुंबरबाई होत्या. सगळ्यांचे तुकडे कापून झाले तरी रोशनबीची पिशवी बंदच बघून त्या शेजारी येऊन बसल्या.

"दावा की, काय आणलंय?"

रोशनबीने मोहरी रंगाचा कुर्ता काढला.

"लय ग्वाड रंग हाय. कुनाचा?"

"लेकीचा. गेली ती."

झुंबरबाईंनी कुर्ता मांडीवर घेऊन त्यावरून हात फिरवला. "मग कात्री ऱ्हाऊ द्या. आदी नुसती शिवण उसवा. जमंल तसं."

रोशनबी बाजूची शिवण उसवू लागली. एक टीप निघाली, तिच्या आत दुसरी, आणखी आत तिसरी. सगळ्या तिनेच मारलेल्या. औषधं सुरू झाल्यावर जन्नत म्हणाली होती, "अम्मी, जरा आत घे, ढगळ होतंय." मग पुन्हा घ्यावा लागला. शेवटच्या वेळी जन्नत हसून म्हणाली, "आतलं कापड कापू नकोस हं. मी परत जाड होणार आहे." म्हणून रोशनबीने ते राखून ठेवलं होतं. आता टिपा निघाल्या तसा कुर्ता रुंद होत गेला. आत दडलेला पट्टा अजून तसाच पिवळाधमक होता.

तिला हुंदका आवरेना. शेजारी बसलेल्या पुण्याच्या अनघाने घाबरून विचारलं, "काय झालं, मावशी?"

"सैल करून द्यायचा होता गं तिला."

अनघाने सुई उचलली आणि कुर्त्याची दुसरी बाजू उसवायला घेतली. दोघी जेवायची हाक येईपर्यंत तशाच बसल्या.

रविवारी सकाळी रोशनबीने कात्री चालवली. कापड थोडं तिरकं कापलं गेलं. तिने ते तसंच जोडलं.

गोधडीचं उरलेलं काम तिने घरी पुरं केलं. इर्शाद न्यायला आला तेव्हा सानिया गाडीत गोधडीवरच बसली आणि नानीला हात हलवत राहिली. गाडी वळली तरी रोशनबी दारातून आत आली नाही. शेवटी नूरमहंमदने तिचा दंड धरून तिला आत नेलं.

पंधरवड्याने सानियाचा व्हिडिओ कॉल आला. नवं दप्तर दाखवून झालं, मांजर दाखवून झालं.

"गोधडी घेतेस ना गं रात्री?" रोशनबीने विचारलं.

"नाही नानी. इथे खूप गरम होतं. अब्बूंनी कपाटात ठेवली."

"असू दे, बाळा. थंडी पडली की घे."

"बरं," म्हणून सानिया मांजरामागे पळाली. फोन तिकडे चालूच राहिला. रिकामी खोली आणि फिरणारा पंखा दिसत होता. रोशनबी बराच वेळ बघत बसली.